रोलरवरच्या साळवेबाई

साळवेबाईंना कुणी गाडीबद्दल मत विचारलं, की त्या एकच सांगायच्या: "रोलरवर चढवा. मग बोलू." पोरांनी त्यांचं नाव रोलरबाई ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं.

नगरला आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जमिनीत बसवलेला डायनो, म्हणजे गाडीची ताकद मोजायचं यंत्र, आहे. मी तिथं बाईंचा साहाय्यक. गाडीची मागची चाकं पोलादी रोलरांवर ठेवायची, गाडी पट्ट्यांनी जखडायची आणि पळवायची. गाडी जागची हलत नाही, रोलर फिरतात. यंत्र त्यांना अडवतं. चाकं किती जोरानं, किती वेगानं ढकलतात यावरून ताकद कळते. कंपनीच्या आकड्यापेक्षा ती कमीच भरते, कारण गिअर आणि टायर वाटेत आपला वाटा खातात. हे शिकवताना बाई फळ्याकडे जात नसत. पदर खोचून, कॅनव्हासचे बूट घालून उभ्या राहत आणि पोरांना तो जड रोलर हातानं फिरवायला लावत. "दमलास? मग कळलं लोड म्हणजे काय."

एकदा काष्टीचा दत्तू टेम्पोवाला आणि त्याचा मेकॅनिक पोपट भांडतच आले. पोपटनं इंजिन खोलून बांधल्यापासून माल भरला की टेम्पो चढ चढेना. "यानं माज्या इंजिनातले पार्ट काडले," असं दत्तू बाजारभर सांगत सुटला होता. पोपटच्या गॅरेजात गाड्या यायच्या बंद झाल्या होत्या.

पहिल्याच फेरीत ताकद फार कमी आली.

"बगा! सांगत हुतो ना?" दत्तू ओरडला.

"मी अजून काही म्हटलेलं नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी लोड वाढवायला लावला. इंजिनाचे फेरे चढत गेले, रोलरचा वेग मात्र होता तिथंच राहिला. जळका वास सुटला. "इंजिन जोर देतंय, तो चाकापर्यंत पोचत नाही. क्लच घसरतोय. प्लेट कुणी बसवली?"

दत्तूनं मान खाजवली. "ती मीच आनली हुती. इंजिन बांदल्यावर लगेच दुसऱ्याकडनं बसवली. सस्तात."

नवी प्लेट टाकून टेम्पो परत आला, तेव्हा आकडा हवा तिथं होता. दत्तू पोपटचा हात धरून माफी मागू लागला. बाईंनी अडवलं. "इथं कशाला? बदनामी बाजारात केलीत, माफीही तिथंच."

तो मागतो का ते बघायला पुढच्या बाजाराला त्या मला घेऊन स्कूटरवरून काष्टीला गेल्या. भाजीवाल्यांच्या गर्दीत उभं राहून दत्तू मोठ्यानं म्हणाला, "इंजिन चांगलं हाय. पोपटचा काय बी दोष न्हाई, चूक माजी हुती." पोपटनं आम्हाला भेळ खाऊ घातली. बाईंनी ती पुन्हा मागून घेतली.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. शाल-नारळ उरकून प्रयोगशाळेत आल्या, तेव्हा एका शेतकऱ्याची जीप रोलरवर होती. आलेख निघाला, ताकद कमी भरली होती. शेतकरी बाईंकडेच वळला, "काय म्हनता, बाई?"

"मला काय विचारता? सर आहेत ना."

सर म्हणजे कोण, हे कळायला मला क्षणभर वेळ लागला. इतकी वर्षं मी त्यांच्यासाठी नुसता 'अरे' होतो. मी आलेख हातात घेतला.

"मामा, इंजिन खोलू नका. न्यूट्रलला टाकल्यावर रोलर लगेच थांबला. मागचे ब्रेक चिकटताहेत."

बाईंनी आलेखाकडे बघितलंसुद्धा नाही. पर्स खांद्याला लावली आणि निघाल्या.