राखी पतंगाचा पत्ता

१ ऑक्टोबर १९७५ रोजी चांगदेव ओव्हाळच्या हातात सप्टेंबरच्या सव्वीस दिवसांची रोजंदारी पडली, एकशे दहा रुपये पन्नास पैसे. अंगठ्याने नोटा मोजून तो वळला, तेवढ्यात केंद्राचे प्रमुख नगरकर साहेबांनी त्याला टेबलाजवळ बोलावलं. त्याने आणलेला राखी रंगाचा पतंग पुण्याला तपासून झाला होता. दिव्यावर येणारं हे पाखरू आजवर कुठल्याच पुस्तकात नोंदलेलं नव्हतं.

शिरूरच्या त्या कीड-निरीक्षण केंद्रात चांगदेव सहा वर्षं रोजंदारीवर होता. सापळ्यात आलेले किडे मोजायचे, औषधाच्या बाटलीत मारायचे, टाचणीवर लावायचे आणि प्रत्येकाखाली नखाएवढं लेबल लिहायचं: गाव, जागा, तारीख, पकडणाऱ्याचं नाव. मॅट्रिकला दोनदा बसून दोनदा गणितात आपटलेला हा माणूस इंग्रजी अक्षरं मात्र छापल्यासारखी काढी.

सरकारी दिव्याचा सापळा निमोण्यात सर्जेराव पाटलांच्या मळ्यात होता. चांगदेव त्याच गावचा, पण बौद्धवस्तीतला. राखी पतंग मळ्यातल्या सापळ्यात कधी आलाच नाही. तो यायचा वस्तीतल्या विहाराच्या भिंतीवर. गावात वीज आल्यावर नऊ वर्षांनी वस्तीला एक बल्ब मिळाला होता, तो विहाराच्या दारावर लावलेला. पहाटे चांगदेव भिंतीवरून पतंग उचली आणि लेबलावर लिही, ‘बौद्धवस्ती, निमोणे’.

नवीन पाखराची माहिती छापताना लेबलावरचाच पत्ता छापतात, हे त्याने घरी सांगितलं. आपल्या वस्तीचं नाव जगभर जाणार म्हटल्यावर त्याचे चुलते म्हाळूआबा यांनी विचारलं, जग म्हंजी शिरूरच्या पुढं किती? पण दुसऱ्या दिवशी आबांनीच भिंतीला चुना दिला, पाखरं उठून दिसावीत म्हणून. आई जाईबाई भिंतीकडेने केरसुणी फिरवू देईना. बायको रंभा म्हणायची, घरात तेल न्हाई आन् ह्यो पाखरांची बारशी करतोय. दिवाळीपर्यंत अकरा पतंग जमले.

जानेवारीत साहेब जीपने निमोण्याला आले आणि सर्जेरावांकडे जेवले. सर्जेराव सोसायटीचे चेअरमन होते. केंद्राला इमारतीसाठी वीस गुंठे हवे होते आणि ते त्यांच्याकडे होते. चांगदेव पतंगांची पेटी मांडीवर घेऊन पायरीवर बसला होता. सुपारी कातरता कातरता साहेबांनी सांगितलं की नव्या पतंगाला सर्जेरावांचं नाव द्यायचं ठरवलं आहे, आणि तो सापडला ती जागा म्हणून त्यांचा मळा छापला जाईल.

चांगदेव उभा राहिला. “साहेब, मळ्यात एकबी घावला न्हाई. अकराच्या अकरा आमच्या भितीवरचे हायती.”

सर्जेराव रागावले नाहीत. “चांग्या, पाखराला काय कळतंय कुणाचा दिवा हाय?”

“न्हाई कळत, आप्पा. म्हणूनच आमच्याकडं आलं.”

सगळ्यांत मोठ्याने सर्जेरावच हसले. पोरगं हुशार आहे, याला कायम करून टाका, असं त्यांनी साहेबांना सुचवलं. मग साहेबही हसले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांनी दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या. एक चांगदेवला कायम करण्याच्या शिफारशीचा कागद, सही न केलेला. दुसरी, अकरा कोरी लेबलं. त्यावर लिहायचं होतं, ‘सर्जेराव पाटील यांचा मळा, निमोणे’, आणि पकडणाऱ्याच्या जागी नगरकर.

“तुझं अक्षर चांगलं आहे,” साहेब म्हणाले. “तूच लिही.”

निदान एका लेबलावर वस्ती राहू द्यावी, असं चांगदेवने विचारून पाहिलं. एकावर एक पत्ता आणि दहांवर दुसरा, असं शास्त्रात चालत नाही, असं साहेबांनी त्याला शांतपणे समजावलं. चांगदेव लिहायला बसला. चाळीस मिनिटं लागली. कुठे खाडाखोड झाली नाही. जुनी लेबलं त्याच्याकडूनच स्टोव्हवर जाळून घेतली. पुण्याला पाठवण्याआधी ओळख पटवण्यासाठी नर पतंगाचं पोट कापून ज्यावर उकळलं होतं, तोच स्टोव्ह. मग साहेबांनी शिफारशीवर सही केली.

मार्चमध्ये तो कायम झाला आणि त्याच हुकमाने त्याची बदली दौंडला झाली, स्टेशनजवळच्या धान्याच्या गोदामात. पोत्यांवर ताडपत्री ओढायची, खाली विषाच्या गोळ्या सरकवायच्या आणि आठवड्याने मेलेले पतंग पाटीने उचलून फेकायचे. तिथे लेबल लागत नव्हतं.

१९७७ च्या पावसाळ्यात नव्या पतंगाच्या माहितीची छापील चार पानं आली. साहेबांनी न मागता एक प्रत त्याला पाठवली होती. तो रजेवर घरी गेला तेव्हा निम्मी वस्ती विहारात जमली. इंग्रजी येणारा तिथे तो एकटाच. मोतीबिंदूने म्हाळूआबांना आता धड दिसत नव्हतं.

“आपलं नाव कुठं छापलंय, दाव.”

चांगदेवने पहिलं पान उघडलं. मग आबांचा हात धरून त्याने त्यांचं बोट सर्जेरावांच्या नावावर टेकवलं.

“हे बघा, आबा.”

आबांनी ती ओळ दोनदा चाचपली. रंभाने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि चहा टाकायला उठली. पान काचेत घालून विहारात लावायचं, हे तिथल्या तिथे ठरलं.

पुढच्या वर्षी सर्जेराव मतं मागायला वस्तीत आले. साहेबांनी त्यांनाही एक प्रत दिलेली होती, त्यामुळे भिंतीवरचं पान त्यांनी लगेच ओळखलं. आपल्या नावापाशी ते थोडे थांबले. मग गळ्यातला हार काढून त्यांनी फ्रेमला घातला. “लई चांगलं केलंत, आबा,” ते म्हणाले. आबांनी त्यांना हात जोडले. रजेवर आलेला चांगदेव दारात उभा होता. त्याच्या पाठीवर थाप मारून सर्जेराव पुढच्या घराकडे गेले.

शिरूरच्या काचवाल्याने फ्रेमचे साडेअकरा रुपये सांगितले होते. वस्तीची वर्गणी आठ रुपये जमली. बाकीचे साडेतीन रुपये उधार राहिले, ते चांगदेवने द्यायचे होते. त्याने ते अजून दिलेले नाहीत.