बॅटरीमामांचा अभिप्राय

बॅटरीमामांनी सारी उमर टॉकीजमध्ये काढली आणि एकही पिक्चर धड पाहिला नाही. नांदेडात स्टेशनकडच्या एका टॉकीजला ते डोअरकीपर होते. हातात लांब बॅटरी, अंगात खाकी शर्ट, तोंडात सुपारी. पिक्चर सुरू झाला की पडद्याशेजारच्या दाराला टेकून ते उभे राहायचे आणि शो सुटेपर्यंत पब्लिककडे बघायचे. पडद्याकडे कायम पाठ. कुणी म्हटलं, "मामा, कधी तर वळून बघा की," तर म्हणायचे, "पिक्चर काय, उद्या बी तोच हाय, परवा बी तोच. पब्लिक रोज येगळं येतं."

शुक्रवारचा पहिला शो सुटला की गेटवर लोक त्यांना गाठायचे. "कसा हाय मामा?" मामा गोष्ट सांगत नसत, नटाचं नाव घेत नसत. "इंटरवलच्या आधीच निम्मं पब्लिक लघवीला जाऊन आलं," म्हणाले की समजायचं, पिक्चर आपटला. "दार हललं न्हाई," म्हणाले की घरच्यांना घेऊन खुशाल जायचं. टॉकीजचा मॅनेजरसुद्धा पिक्चर दुसऱ्या आठवड्यात ठेवायचा की नाही हे त्यांनाच विचारी. वर्तमानपत्रात काय छापून आलंय याची दोघांनाही फिकीर नसे.

यामागं त्यांचं स्वतःचं शास्त्र होतं. एकदा चहा पिताना त्यांनी ते मला समजावून सांगितलं. "हे बघ, कटाळा आला का पब्लिक बाहेर जातं. लाज वाटली का खोकतं. रडू आलं का खाली वाकून चप्पल हुडकतं. भाईर आल्यावर काय बी बोलू दे, त्याच्यावर जायाचं न्हाई." मी विचारलं, "आणि हसू आलं तर?" तर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून म्हणाले, "हसू आलं का हासतं. त्याच्यात काय शास्तर?"

अंधारात एवढं सगळं बघणारा हा माणूस बाहेर मात्र कुणाचं नाव घेत नसे. आमच्या कॉलेजचे एक सर तास बुडवणाऱ्या पोरांना हुडकत थेट टॉकीजवर यायचे. मामा हातात बॅटरी घेऊन दारात उभे, आणि सरांना सांगायचे, "आत लई अंधार हाय सर. मला तर काईच दिसत न्हाई." सर बॅटरीकडे बघत, मामा सरांकडे बघत, आणि आत आम्ही दहा-बाराजण खुर्चीखाली. शो सुटल्यावर मात्र मामा एकेकाला झापायचे. "बापानं शिकाया ठिवलंय ना? उद्या तास बुडवून आलास तर सरांच्या आधी मीच हाणीन."

या मामांचा मला लळा लागला त्याचं कारण वेगळं आहे. कॉलेजात माझ्या वर्गात इस्लापूरचा गोविंद होता. आम्ही दोघं मॅटिनीला जायचो, मागच्या कोपऱ्यात बसायचो. एके दिवशी त्याचा हात माझ्या हातात होता आणि तेवढ्यात बॅटरीचा उजेड नेमका आमच्या हातांवर पडला. लातूरला घरी वडील शिक्षक, करड्या शिस्तीचे. ही गोष्ट त्यांच्या कानावर गेली तर काय, एवढंच डोक्यात आलं. उजेड क्षणभर थांबला, मग खाली फरशीवर गेला. मामांचा आवाज आला, "पाय आत घ्या रं. माणसं अडकून पडतेत." बाहेर पडताना मी मान वर केली नाही. तर मामाच म्हणाले, "पुढच्या खेपेला पंख्याखाली बसा. त्या कोपऱ्यात लई उकडतं." त्या दिवसापासून मी त्यांना मामा म्हणायला लागलो, ते मनापासून.

पुढे टॉकीज बंद पडली. मामा एका मंगल कार्यालयात वॉचमन झाले. शास्त्र चालूच. मंगलाष्टकं चालू असताना सगळी वऱ्हाडी मंडळी नवरा-नवरीकडे बघायची, मामा वऱ्हाडाकडे. "पोरीची आई दोनदा चप्पल हुडकून आली. ह्या लग्नाचं काई खरं न्हाई," असं एकदा माझ्या कानात बोलले होते. ते लग्न उत्तम चाललंय, हेही इथं सांगायला हवं. मामांचं शास्त्र अंधाऱ्या हॉलमधलं होतं, मांडवात ते चुकायचं.

नोकरी सांभाळून मी आणि चार मित्रांनी एक पिक्चर केला. मागून आणलेला कॅमेरा, लातूरजवळच्या मुरुडला एका मित्राचं घर, आणि माइक लपवला होता कोथिंबिरीच्या जुडीत. एका प्रसंगात मागं सोयाबीनचं मळणी यंत्र इतकं घुमतं की नायकाचं वाक्य कुणालाच ऐकू येत नाही. नाव होतं 'पोहे कुणी केले?' मुलगा मुलगी बघायला जातो, पोहे खातो आणि विचारतो, कुणी केले? पोहे केलेले असतात मुलीच्या भावानं. पुढची सगळी गंमत हा मुलगा आणि तो भाऊ या दोघांच्या प्रेमाची. शेवटी पाहुणे निघून जातात, दोघं मागच्या मोरीवर बशा घासत बसतात, आणि एक जण दुसऱ्याचा ओला हात उचलून स्वतःच्या गालाला लावतो. बस, एवढंच. पिक्चर संपतो.

नांदेडला एका वाचनालयाच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी पहिला खेळ लावला. मामांना मुद्दाम बोलावलं. ते आले, पडद्याशेजारी खुर्ची ओढून पब्लिककडे तोंड करून बसले. खेळ झाल्यावर आम्ही लोकांकडून अभिप्रायाच्या चिठ्ठ्या घेतल्या. 'विषय नाजूक, हाताळणी बरी.' 'पोह्यांचा क्लोजअप छान.' 'असले प्रकार पुण्या-मुंबईकडे. आपल्याकडे नाहीत.' 'हसलो, पण कुटुंबासोबत बघण्यासारखा नाही.' हे लिहिणारे गृहस्थ कुटुंबासोबतच आले होते. आणि अर्ध्याअधिक चिठ्ठ्यांवर एकच सूचना: शेवटचा सीन काढावा.

पुढच्या रविवारी लातूरला खेळ होता. वडील येणार होते. त्यांना मी पिक्चर 'लग्न जुळवण्यावरचा विनोदी' असा सांगितला होता. त्यात खोटं काही नव्हतं, पण खरं सांगण्याची छातीही नव्हती. इतकी वर्षं गोविंद आणि मी नांदेडात एका घरात राहत होतो आणि वडिलांच्या लेखी तो माझा मित्र होता, दिवाळीला चिवडा घेऊन येणारा. चिठ्ठ्या मला आयत्याच सापडल्या. मी मामांना म्हटलं, "शेवटचा सीन काढतो. लोकांचंच म्हणणं आहे."

मामा भडकले. इतके चिडलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. "लोकांचं म्हननं मी बघितलंय, तू कागद वाचून राहिलास! मळणी यंत्रापाशी समदे चुळबुळ करून राहिले होते, ते काढ. पिक्चरातली ती पोरीची मामी लई बडबडते, तिला काढ. बशा घासताना एक माणूस खोकला न्हाई. एक बी! इतकी वर्सं दारात उभारलो, असं पब्लिक मी बोटावर मोजण्याइतक्या येळा बघितलंय." मग जरा शांत होऊन म्हणाले, "भाईर आल्यावर त्यांना एकमेकांची तोंडं दिसली, म्हून तसं लिवलं. तू कामून भेतो?"

मी सीन ठेवला. मामी कमी केली, तिची भूमिका करणाऱ्या शेजारीणबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत.

लातूरच्या खेळाला मामा एसटीनं आले. मी आत बसू शकलो नाही, बाहेर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिलो. लोक बाहेर आले, वडीलही आले. चेहऱ्यावरून काही कळेना. मामांशी ओळख करून दिल्यावर एवढंच म्हणाले, "पाहुणे, जेवून जा." घरी दोघं शेजारी बसून जेवले, औशाचा किल्ला आणि गुडघेदुखी यांवर मनसोक्त बोलले. पिक्चरचं नाव कुणीच काढलं नाही.

बसस्टँडवर मी मामांना गाठलं. "शेवटच्या सीनला वडील काय करत होते?"

मामा बसच्या पाटीकडे बघत राहिले. "न्हाई सांगनार."

"मामा, एकदा तरी."

"बाप तुझा हाय. घरी जा आन् इचार. मी डोअरकीपर हाय, चुगलखोर न्हाई." आणि नांदेडच्या बसमध्ये चढून बसले. मला त्यांचा मनस्वी राग आला. आज वाटतं, त्यांनी मला सांगितलं असतं तर मी वडिलांना कधीच विचारलं नसतं.

घरी येऊन विचारलं. वडील पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "तो पोहे करणारा म्हणजे गोविंदच ना?" मी हो म्हणालो. त्यांनी पेपराचं पान उलटलं. त्यानंतर दोन महिने त्यांनी माझा फोन घेतला तो फक्त आईला द्यायला.

दिवाळीनंतर मामा गेले. झोपेतच, कुणाला काही न सांगता. मी आईला फोनवर कळवलं. थोड्या वेळानं वडिलांचाच फोन आला. "आपल्या घरी जेवून गेलेला माणूस. दुखवट्याला मी येतो." सकाळच्या एसटीनं आले. गोविंदनं स्टँडवर त्यांची पिशवी घेतली, त्यांनी ती घेऊ दिली.

मामांचं घर दोन खोल्यांचं. भिंतीला टेकून मामांच्या पत्नी, आमच्या मामी, बसल्या होत्या. मला त्या ओळखत होत्या, वडिलांची मी ओळख करून दिली. मग त्यांची नजर गोविंदकडे गेली. "हे कोन?"

गोविंदनं मान खाली घातली. 'मित्र' हा शब्द आम्हा दोघांच्याही तोंडात वर्षानुवर्षं तयार असायचा, तसा तो माझ्या ओठावर आलाच होता.

"हा गोविंद," वडील म्हणाले. "आमच्या घरातला."

मामींनी मान हलवली, सतरंजीची घडी मोडून ती तिघांना पुरेल एवढी केली, आणि आम्ही बसलो.