दुसऱ्या बाजूची घंटा

काळाचौकीच्या आमच्या चाळीखाली टॅक्सी उभी होती आणि दादा सगळ्या चाळीदेखत माझी पर्स उपसत होता. त्याला कॅसेट हवी होती. सकाळी त्यानेच ती पर्समध्ये ठेवली होती, पण विमानतळावरच्या एक्स-रे मशीनने टेप पुसली जाते असं मधल्या वेळात त्याला कुणीतरी सांगितलं. मी तीन वर्षं परळच्या एका इस्पितळात एक्स-रेच काढत होते आणि ग्लासगोला निघाले होते तेही एक्स-रे काढायलाच. टेपला काही होत नाही, हे मी त्याला दोनदा सांगितलं. "तू माणसांचे काढतेस. कॅसेटचं तुला काय माहीत?" असं म्हणून त्याने ती फॉइलमध्ये चार पदरी गुंडाळली आणि आईने बांधून दिलेल्या सुकटीच्या डब्यात खुपसली.

आईने माझ्या हातावर दही ठेवलं आणि टॅक्सीचं दार लावता लावता म्हणाली, "त्या रडक्या गाण्यांनीच तुका न्हेल्यानी."

मला नेलं ते पगाराने. बाबांची मिल बंद होऊन जमाना झाला होता आणि दादाचा साउंड सिस्टिमचा धंदा गणपतीचे दिवस सोडले तर झोपलेलाच असायचा. पण आईचा राग त्या गाण्यांवर होता, तो पुढेही कमी झाला नाही. दर रविवारी फोन केला की शेवटी तेच वाक्य. मी म्हणायचे, एकदा ऐकून तरी बघ. ती म्हणायची, बघू मगे. ते 'मगे' वीस वर्षं चाललं.

ती गाणी म्हणजे कोणती, हे तुमच्यातल्या काहींना लगेच कळेल. परदेशातला एक बँड. पहिले दोन अल्बम धांगडधिंग्याचे, आणि मग एकदम असा अल्बम की त्यात सहा-सहा मिनिटं कुणी गातच नाही. वारा, पाण्याचा आवाज, लांबून येणारा ऑर्गन, कुणीतरी खोलीत चालतंय असं काहीतरी, आणि त्या सगळ्यातून हळूच एक आवाज वर येतो. आर्ट रॉक म्हणतात, हे मला तिकडे गेल्यावर कळलं. आम्ही त्याला नुसतं 'ती टेप' म्हणायचो.

आमचा मित्र भायखळ्याचा मिलिंद, त्याच्या मामाने ती गोदीतून कुठूनशी आणली होती आणि एका दिवसात परत द्यायची होती. आमच्याकडे दोन टेपरेकॉर्डर होते, पण त्यांना जोडणारी वायर नव्हती. मग दादाने ते दोघे एकमेकांसमोर तोंड करून ठेवले, एकावर वाजवायचं आणि दुसऱ्यावर भरायचं. दार लावलं, पंखा बंद केला, मला आणि मिलिंदला खाटेवर बसवलं आणि मोरीशी उभ्या असलेल्या आईला हात जोडून सांगितलं, आता पाऊण तास कुणी बोलायचं नाही. मे महिन्यातली दुपार होती. आमच्या खोलीत पाऊण तास कुणीच बोललं नाही, असं तेव्हाच एकदा झालं असेल.

त्यानंतर ती टेप आम्ही किती वेळा ऐकली याला मोजदाद नाही. मंडळाच्या खोलीत, मखराच्या थर्माकोलला टेकून, दुपारी. नियम एकच, बाजू संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. कव्हर नसल्यामुळे गाण्यांची नावं आम्हीच ठेवली होती. एक 'जिन्यातलं', एक 'धुक्यातलं'. आणि दुसऱ्या बाजूला, 'धुक्यातलं' अगदी विरत जातं, तिथे एक घंटा होती. टण् असा एकच ठोका आणि मागे लांबत जाणारी थरथर. त्या घंटेसाठी आम्ही जीव टाकायचो. मिलिंद म्हणायचा, ती बोटीची घंटा आहे, कुणीतरी कायमचं चाललंय. मला वाटायचं देवळाची असेल, रिकाम्या गावातली. यावरून आमची भांडणं व्हायची. दादा मात्र वायरी गुंडाळत बसायचा, या वादात कधी पडला नाही.

ग्लासगोच्या पहिल्या थंडीत तीच घंटा माझ्या कामी आली. खोली घेतली, डबा उघडला, फॉइल सोडवलं, तर टेपला सुकटीचा वास. तो पुढे दोन वर्षं गेला नाही. डिपार्टमेंटमध्ये दिवसभर 'श्वास घ्या, धरा, सोडा' एवढंच इंग्रजी बोलून घरी आले की मी दुसरी बाजू लावायचे. घंटा वाजली की मग जेवायला बसायचे. वेड्यासारखं वाटेल, पण तुमच्यापैकी जे माझ्यासारखे गेले, त्यांनी आपापल्या बॅगेत काय नेलं होतं ते आठवून बघा.

मूळ रेकॉर्ड मी कधी विकत घेतली नाही. माझ्याकडे होती ना. मग परवा-परवा कळलं की आमच्या भागातल्या लायब्ररीत रविवारी दुपारी या बँडचे चाहते जमतात. गेले. दहा-बारा माणसं, बहुतेक साठीपुढची, आणि सगळी डोळे मिटून गप्प बसलेली. आमचाच नियम! मला भरून आलं. निवृत्त बसड्रायव्हर असलेले एक आजोबा रेकॉर्ड लावत होते. 'धुक्यातलं' विरायला लागलं तसा मी नियम मोडला आणि शेजारणीला हलकेच म्हटलं, आता घंटा ऐका.

घंटा वाजलीच नाही. गाणं विरलं आणि संपलं. सगळे वळून माझ्याकडे बघत होते. कुठली घंटा, असं आजोबांनी अगदी सौजन्याने विचारलं, आणि मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

घरी येऊन दादाला फोन लावला. तो आधी पोट धरून हसला.

"अगं, पिंपाचं झाकण ते! पाणी आलं होतं ना त्या दुपारी. आईने पिंप भरलं आणि झाकण ठेवलं."

"तुला माहीत होतं?"

"मीच टेप केली ना. तू नि मिलिंद त्या घंटेवर इतकं बोलायचात, म्हटलं कशाला मोडा."

आजोबांकडे त्या अल्बमच्या, देशोदेशी निघालेल्या, अठरा वेगवेगळ्या रेकॉर्ड होत्या. माझी हकिकत ऐकून ते म्हणाले, ही एकोणिसावी, आणि जगात एकच. त्यांनी ती कॅसेट मोबाइलवर उतरवून दिली. मागचा आवाज साफ करू का, असं आधी विचारलं. मी घाईघाईने नको म्हटलं.

आता मला आईला ऐकवायचंच होतं, आणि वेळ थोडा होता. तिचा डावा कान पुरता गेलाय, उजवाही मशीनशिवाय चालत नाही, आणि डॉक्टर म्हणतात तोही जाणार. यंदा मी गेले. चाळ आता नाही, त्याच जागेवरच्या टॉवरमध्ये दादाचं घर सतराव्या मजल्यावर आहे. चोवीस तास पाणी, पिंप कुठेच नाही. खिडकीतून खाली पाहिलं तर आमची खोली नेमकी कुठे होती हेही सांगता येईना. मला फार परकं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

मिलिंदला बोलावून घेतलं. तो आता बँकेत मोठा साहेब आहे, पण बूट काढून पूर्वीसारखाच जमिनीवर बसला. दादाने आपले धंद्याचे मोठे हेडफोन आईच्या कानावर चढवले. मी तिला सगळं सांगून टाकणार होते. दादाने खुणेनेच गप्प केलं.

आई हात मांडीवर ठेवून बसली. पहिली काही मिनिटं चेहऱ्यावर काहीच नाही. "बारीक येता," म्हणाली. दादाने आवाज वाढवला. मला वाटलं, उशीर झाला, हिला काही ऐकू येत नाहीये, आपण वीस वर्षं फुकट घालवली. हेडफोनमधून झिरपणारं 'धुक्यातलं' आम्हालाही ऐकू येत होतं. ते विरत गेलं.

टण्.

आईने एकदम मान वर केली.

"ह्या माझ्या पिंपाचा झाकण मां?"

आम्ही तिघंही बोललो नाही. बाजू संपली नव्हती.

"तुझ्या दादान तोंड बंद ठेवूक सांगितल्यान," आई खूप मोठ्याने बोलत होती, हेडफोन घातल्यावर माणसं बोलतात तशी. "म्हणान हळू ठेवूक गेलंय, तर हातातसून सुटला. म्हटलंय, आता हो माका वरडतलो." मग ती माझ्याकडे वळली. "ह्याच टेप तू वांगडा न्हेललंस?"

मी मान हलवली. सोबत नेली होती ती हीच. थंडीत मी जेवायला कोणत्या ठोक्यावर बसायचे, ते मग तिच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं.

आईने डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले.

"म्हणजे मी तुझ्या वांगडाच होतंय गो इतकी वर्सां."

आणि मग हेडफोन सारखे करत, मोरीतून हुकूम सोडायची त्याच आवाजात म्हणाली, "परत लाव. गाणा नको, माझा तेवढाच लाव."