शेट फायर

आमचे इंग्रजीचे मास्तर निरगुडीच्या फोकानं क्रियापदं शिकवायचे. ते नाम ओरडणार, आपण त्याला जोडीचं क्रियापद लावायचं. "मिस्टेक!" "मेक, सर!" "होमवर्क!" "डू, सर!" "फायर!" "कॅच, सर!" जोडी चुकली की तळहातावर फोक. मग 'कॅन', 'मे', 'मस्ट'. 'मस्ट' म्हणजे सक्ती, 'मे' म्हणजे परवानगी, नाहीतर 'असेल किंवा नसेल' अशी शक्यता. कुणी "कॅन आय ड्रिंक वॉटर" विचारलं की म्हणायचे, "तोंड आहे ना तुला? मग पिता येतंच. परवानगी माग, 'मे' म्हण!" आणि वर फोक. नववीच्या वर्गात आमच्या वस्तीतली मी एकटीच. माझं इंग्रजी चांगलं होतं, कारण त्या माणसाच्या हातचा मार खायची मला भयंकर चीड होती.

त्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगावी वस्त्या जळत होत्या. आमचीही जाळली, भर दुपारी. मी आणि माय नाल्यात तरवडाच्या झुडपांआड पालथ्या पडून बघत होतो. गावातल्या रेशन दुकानाच्या मालकाला सगळा गाव शेट म्हणायचा. माझा बाप त्याच्याच शेतावर सालगडी होता. तो शेट लिंबाखाली उभा राहून पोरांना रॉकेलचे डबे देत होता. "डबे परत आणा रे!" असं तो ओरडला, ते मला स्वच्छ ऐकू आलं. आमची शेळी खुंट्याला बांधलेली होती. ती जळताना माणसासारखी ओरडली. मायला राहवेना, ती धावत गेली आणि कोपरापर्यंत भाजून परत आली. हातात नुसतं जळकं दावं होतं.

दुसऱ्या दिवशी राखेतून भांडी उकरताना बापानं बजावलं, "कुणी इचारलं तर आग लागली म्हणायचं. चुलीतली ठिणगी उडाली. मला ह्याच गावात राबायचंय, अन् तुला साळा शिकायची हाय. कळलं का?" मला चांगलं कळलं. तोंड उघडलं तर बापाचं काम जाणार, माझी शाळा जाणार आणि वस्तीवर पुन्हा मार पडणार.

शाळा उघडली. मास्तरांनी पहिल्याच तासाला घोकंपट्टी सुरू केली, जणू मधे काही घडलंच नव्हतं. "ट्रेन!" "कॅच, सर!" "कोल्ड!" "कॅच, सर!" माझी पाळी आली. "फायर!"

मी म्हणाले, "सेट, सर."

आमच्या गावची पोरं माना वळवून माझ्याकडे बघायला लागली. मास्तरांचा फोक सपकन बसला. "कॅच! द हाऊस कॉट फायर!"

"सेट, सर. कॉट म्हणजे लागली. सेट म्हणजे लावली."

पुस्तकात ते त्याच पानावर खाली दिलेलं होतं. तरी फोक बसतच राहिला. तळहात फुटला, रक्त मनगटावरून परकरावर सांडलं. बरोबर उत्तराला मार पडतोय हे मास्तरांना ठाऊक होतं. शेवटी ते वाकून हळूच म्हणाले, "पोरी, निदान 'मे' तरी लाव. 'मे हॅव' म्हण. लावली असेल, असं म्हण. त्यात कुणाच्या अंगावर काही येत नाही."

मला त्यांची किळस आली. आजही येते. मी म्हणाले, "नो मे, सर." मग त्यांनी फोक मोडेपर्यंत मारलं.

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. घर कसलं, पाचटाचा आडोसा. बापानं मला बघताक्षणी थोबाडीत मारली, केस धरून खाली पाडलं. "भर वर्गात शेटचं नाव घ्यायलीस? मारतेत आता समद्यास्नी!"

"नाव न्हाई घेतलं, बा! सेट म्हणले. इंग्रजी हाय ते!"

"कसलं इंग्रजी?"

"सेट फायर. म्हंजे आग लागली न्हाई, कुणीतरी लावली."

बापाचा उगारलेला हात तसाच राहिला. "शेट," तो म्हणाला.

"शेट न्हाई बा, सेट."

"तेच की. शेट." तो खाली बसला आणि माझे तळहात बघत राहिला. मग धोतराची किनार फाडून त्यानं ते बांधले.

वर्गातल्या गोष्टीचा बोभाटा झाला, म्हणून पोलीस जमादार चौकशीला आला. चावडीपुढे खुर्ची टाकून बसला. शेजारच्या खुर्चीत शेट, दोघांच्या हातात चहा. बापाला समोर उभं केलं होतं, मी त्याच्या मागे. जमादारानं विचारलं, "काय रे, आग कशी लागली असेल?" उत्तर त्यानं प्रश्नातच घालून दिलं होतं. बापानं फक्त चुलीचं नाव घ्यायचं बाकी होतं.

"शेट," बाप म्हणाला.

"शेटचं काय?"

"शेट फायर, साहेब. माझ्या पोरीचं इंग्रजी हाय. लागली न्हाई, लावली. अन् असेल-बिसेल काय न्हाई."

शेटनं पायातला जोडा काढला आणि जमादाराच्या देखत बापाच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला. बापानं रक्त थुंकलं आणि पुन्हा म्हणाला, "शेट."

थोड्याच दिवसांत पिंगळी स्टेशनावर गाडी पकडून आम्ही गाव सोडलं. दुसरीकडे मी पुन्हा शाळेत बसले आणि पुढे आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, हातात फोक न घेता. कितीतरी पोरांचे उच्चार सुधारले. बापाचा तेवढा कधी सुधारला नाही.