काळ्या पेटीतला जास्तीचा उजेड

“काळ्या पेटीत काय सांडलं बाई तुमी?” सरांनी मला दारातच विचारलं. माझ्या हातात फडकं होतं. त्यांनी आधी फडक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“काही नाही सांडलं सर.”

“मग उजेड कुठून येऊन राहिला?”

मी अमरावतीच्या एका कॉलेजात, फिजिक्सच्या लॅबमध्ये अटेंडंट आहे. ठेकेदाराकडून लागलेली. फरशी पुसणं, काचा धुणं, कुलूप लावणं हे माझं काम. काळी पेटी बाहेरून पुसायची, आत हात घालायचा नाही, हे मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं आणि मी कधी घातला नाही.

पेटीत काय चालतं ते नाझियानं मला सांगितलं होतं. ती बाळापूरची पोरगी, सरांच्या हाताखाली पीएचडी करते. पेटीतल्या स्टँडवर नखाएवढी चिप ठेवतात. चिपवर नॅनोवायर उभ्या असतात, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या तारा. त्या तारांत क्वांटम डॉट, म्हणजे आणखी बारीक कण. वरून निळा लेसर टाकला की ते कण हिरवा उजेड देतात. कॉम्प्युटरवर त्या उजेडाची रेघ येते. कण चांगले असले तर रेघ सुईसारखी उभी जाते.

दसरा झाल्यापासून सुईच्या बुडाशी एक फुगवटा येत होता. नाझियानं चिप बदलली, तरी फुगवटा आला. चिप काढून रिकाम्या स्टँडवर लेसर टाकला, तरी आला. म्हणजे चिपचा दोष नाही, पेटीत दुसरंच काही चमकतंय. आणि लॅबमध्ये रोज फडकं फिरवणारी मी एकटी.

“मावशी, फिनाइल वगैरे नाही न लावलं आत?” नाझियानंही विचारलं. गोड बोलली, पण मला ते खटकलं. तिचं काम अडलं होतं. माझ्यावर ढकललं की ती मोकळी, असं मला वाटलं. त्या दिवसापासून मी तिच्या हातचा चहा घेतला नाही.

सरांनी ठेकेदाराला फोन लावला. मी कॉरिडॉरमध्ये होते. “दुसरी बाई पाठवा, ही ऐकत नाही,” एवढं ऐकू आलं. घरी सांगितलं नाही. सांगून काय, घर माझ्याच पगारावर चालतं.

दुसऱ्या दिवशी नाझिया एक छोटी टॉर्च घेऊन आली. अब्बांच्या कापडदुकानात नोटा तपासायची असते तसली, जांभळ्या उजेडाची. लाइट बंद करून ती टेबल, पुसायचं फडकं, बाटल्या सगळ्यांवर टॉर्च फिरवत गेली. मग म्हणाली, “मावशी, हात दाखवा.”

मी दाखवले. माझी नखं हिरवट पिवळी चमकली.

“घ्या,” सर म्हणाले. “सापडला चोर.”

सकाळी वरण फोडणीला टाकलं होतं, हळदीचे हात. मी ते पदराला पुसू लागले.

नाझियानं टॉर्च स्वतःच्या बोटांवर धरली. तीही पिवळी. “हळद आहे सर. आमच्याकडे काल खिचडा होता. तुमचेबी पाहू का?”

“माझे कावून?”

“चोर मोजून राहिलो न आपण.”

सरांनी हात पुढे केला. डब्यातली भाजी खाल्लेली, बोटं चमकत होती. हातावरून काही ठरत नव्हतं. मग नाझियानं पेटी उघडून आत उजेड टाकला. स्टँडच्या कडेला बोटाच्या टोकाएवढा गोल ठिपका पेटल्यासारखा दिसला. त्याची भुकटी चिपच्या जागेपर्यंत सांडली होती.

हात पुसताना राहिलेला डाग असा गोल नसतो. तो टिळा होता.

“सर,” नाझिया हळूच म्हणाली, “खंडेनवमीले मशीनची पूजा कोनं केली होती?”

आमच्या लॅबमध्ये त्या दिवशी मशीनला हळदकुंकू वाहतात. आत कोणाचा हात जायला नको म्हणून सर स्वतःच ताट घेऊन गेले होते. आम्ही दोघी बाहेर हात जोडून उभ्या होतो.

“मीच,” सर म्हणाले. “मशीनचा जीव तिथंच आहे म्हटलं.”

नाझियानं स्टँड स्पिरिटनं पुसला. रेघ पुन्हा सुईसारखी आली. सरांनी ठेकेदाराला फोन केला, “राहू द्या, हीच बाई चालते.” मला काही म्हणाले नाहीत. सोमवारी पेटीवर कागद चिकटवलेला होता: सफाई कर्मचाऱ्यांनी आत हात लावू नये. चौथीपर्यंत शिकले आहे, तेवढं वाचता येतं.

नाझियाशी मी पुन्हा बोलू लागले. पण आता पेटीजवळ पुसायचं असलं की आधी तिला हाक मारते. ती समोर उभी राहते, मग मी फडकं उचलते. ती हसते, म्हणते, “मावशी, भरोसा आहे न तुमच्यावर.” मी म्हणते, “असू दे. तू उभी राय.”