पोर्ट ऑफ स्पेनहून आल्यावरचा सत्कार

पोर्ट ऑफ स्पेनला मी गेलो तो सरकारी लोककला पथकातून. त्रिनिदाद बेटाची ती राजधानी. मी तेव्हा जाफराबादकडं आमच्याच गावच्या शाळेत मास्तर होतो आणि पथकात हलगी वाजवायचो. औरंगाबादला कॉलेजात असताना एका मित्राकडून शिकलो होतो. घरात हलगी नव्हतीच. वडिलांनी धम्मदीक्षा घेतली त्याच वर्षी गावकीचं वाजवणं सोडलं होतं. निघताना ते एवढंच म्हणाले, "कला म्हणून वाजव. हुकूम म्हणून न्हाई."

शहर मोठं देखणं. मधोमध अफाट मोकळं मैदान, त्याच्या कडेनं राजवाड्यांसारखी जुनी घरं, पलीकडं फुलझाडांची बाग. दोन-तीन पिढ्यांमागं बिहारकडून ऊसतोडीला नेलेल्या मजुरांची नातवंडं बाजारात भेटली. पण जीव अडकला तो तेलाच्या पिंपांत. गरीब वस्तीतली माणसं रिकाम्या पिंपांचे तळ ठोकून ठोकून सूर काढतात. तिथल्या ऑगस्टातल्या उत्सवात सगळं शहर त्या सुरांमागं नाचत होतं. एक म्हातारा वादक मोडक्या इंग्रजीला हातवारे जोडून सांगत होता, की पूर्वी पोलीस त्यांचे ढोल हिसकावून न्यायचे. आता मंत्री समोर बसून ऐकतात. त्यानं मला शेजारी बसवलं आणि म्हणाला, वाजव. आम्ही दोघं घाम फुटेस्तोवर वाजवत राहिलो.

परत आलो तर गावानं चावडीसमोर सत्कार ठेवला. वडिलांना बरं वाटलं. पांढरं धोतर नेसून ते सगळ्यांत मागं उभे राहिले. त्यांना कुणी 'पुढं या' म्हटलं नाही, ते मला तेव्हाच खटकलं. शाल-नारळ झालं. मी त्या शहराबद्दल बोलायला लागलो. पिंपांपर्यंत आलो आणि गावातले एक जुने जमीनदार हात वर करून म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे मास्तर. परवा पोळा हाय. तुमच्या लोकांनी लई वर्सं झाली वाजवलं न्हाई. औंदा तू बैलांम्होरं वाजव."

मला वाटलं, थट्टा करून राह्यलेत. तसं नव्हतं.

"मी शिक्षक आहे," मी म्हणालो.

"मंग काय झालं? परमुलखात वाजवून आल्ता ना? तिकडच्यांला चालतं अन् आमची लाज वाटती?"

लोक हसले. माझ्याबरोबर शाळेत शिकवणारेही हसले. हजारो मैलांवरच्या परक्या माणसानं मला मांडीला मांडी लावून बसवलं, आणि ज्या गावाच्या पोरांना मी बाराखडी शिकवत होतो ते गाव शाल पांघरून मला बैलांपुढं धाडत होतं!

"तिथं मला विचारलं होतं," मी म्हणालो. "तुम्ही सांगून राह्यलात. पोळ्याला मी वाजवणार न्हाई, आमच्यातलं कुणीच न्हाई."

शाल काढून टेबलावर ठेवली आणि खाली उतरलो. जमीनदार ओरडले, "लई शिकला!" वडील गर्दीतून वाट काढत आले आणि माझ्याबरोबर चालू लागले.

पोळ्याला जाफराबादेहून बँड आणला. पुढं कितीतरी दिवस चौकातल्या चहावाल्यापासून सरपंचापर्यंत सगळे म्हणायचे, मास्तरला परदेशाची हवा लागली. एकालाही त्या शहराबद्दल विचारावंसं वाटलं नाही. विचारलं ते फक्त सातवीच्या वर्गानं. भूगोलाच्या तासाला मी त्यांना बाकं वाजवू दिली. शेजारच्या वर्गातून तक्रार आली. तरी वाजवू दिली.