गालावरच्या ठिपक्यांची रांग

कागद मशीनमधून पूर्ण बाहेर आला, तेव्हा मेलेल्या माणसाच्या फोटोत कपाळापासून गालावरून थेट गळ्यापर्यंत बारीक ठिपक्यांची रांग उमटली होती. दुसरी रांग कानाजवळून गेली होती. सुईने टोचत नेल्यासारखी. सुनेने कागद उजेडात धरला आणि तिचं तोंड उतरलं. काउंटरच्या पलीकडे त्या माणसाची बायको उभी होती. सुनेला कागद लपवायलाही वेळ मिळाला नाही.

"हे काय होय?" बाई म्हणाली. "माह्या माणसाले देवी नोती आली. त्याच्या तोंडावर एक डाग नोता."

खरंच, देवीचे वण असावेत तसंच दिसत होतं.

आमगावात आमचं फोटोचं दुकान. पुढे दुकान, मागे घर. म्हाताऱ्याने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ते काळ्या-पांढऱ्या फोटोंच्या काळात काढलं होतं. मागच्या अंधाऱ्या खोलीत तो औषधात कागद बुडवून फोटो धुवायचा. पुढे साखरेने त्याचे डोळे गेले. मुलगा रेल्वेत, आज इथे तर उद्या तिथे. मग दुकान सुनेने हातात घेतलं. ती गोंदियाची, बोलायला धीट. तिने कॉम्प्युटर आणला आणि शाई फवारून फोटो काढणारी रंगीत मशीन आणली. लहान फोटो त्यावर चांगले निघत. मोठे आम्ही गोंदियाच्या लॅबमध्ये पाठवायचो. त्या आठवड्यात लॅबची मशीन बंद पडलेली, म्हणून हा मोठा फोटो आम्ही पहिल्यांदाच घरी काढत होतो.

बाई जंगलाकडच्या गावाची. नवरा तापाने गेला होता. दुसऱ्या दिवशी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, भंतेजी येणार, बुद्धाच्या मूर्तीखाली टेबलावर नवऱ्याचा फोटो ठेवून सगळं गाव फुलं वाहणार. त्याचा एकच फोटो होता, मुलीच्या लग्नात आमच्या म्हाताऱ्यानेच काढलेला, तळहाताएवढा. काच बसवलेली फ्रेम ती येतानाच विकत घेऊन आली होती. दुपारच्या बसने तिला परत जायचं होतं. बारा वाजले की भारनियमन, मग संध्याकाळपर्यंत लाईट नाही. आणि पाकिटात जाड चकचकीत कागद दोनच उरले होते. तसा कागद आमगावात मिळत नव्हता.

"थांबा बाई, दुसरा काढते," सून म्हणाली.

"काढ. नाई त रिकाम्या खुर्चीले हार घालू का मी?"

म्हातारा दाराशी खुर्ची टाकून बसला होता. दिसत नसलं तरी सगळं ऐकायचा. "मी सांगतच होतो. हे फोटो नोय, छपाई होय."

"तुम्ही चूप बसा," मी म्हटलं. "तुमच्या अंधाऱ्या खोलीत आता कांदे ठेवले हायेत."

सुनेने मशीनचं झाकण उघडून आत बॅटरी मारली. मला बोलावून दाखवलं. कागद बाहेर ओढायला वरच्या बाजूने दातेरी चाकं होती, नखाएवढी. करंज्या कापायची फिरकी असते ना, अगदी तशी. साध्या कागदावर त्यांचा माग दिसत नाही. पण या कागदावर शाई भरपूर बसते आणि वरचा थर काही वेळ ओला नरम राहतो. ओल्या सारवणावरून कोंबडी चालत गेली की काय होतं ते मला कोणी शिकवायला नको होतं. गडद रंगावर तर ते जास्तच दिसतं, आणि तो माणूस चांगला काळा होता. मागचा पडदाही गडद निळा.

म्हणून सुनेने एक शॉर्टकट काढला. कॉम्प्युटरवर सगळा फोटो उजळ केला. शाई कमी बसेल, ठिपके कमी दिसतील, आणि तसंही लोक येऊन "थोडा गोरा करून द्या" म्हणतातच. दुसरा कागद घातला. निघाला तो खरंच बरा निघाला. ठिपके होते, पण शोधावे लागत होते.

बाईने फोटो हातात घेतला आणि लगेच काउंटरवर ठेवला.

"हा कोन?"

"तुमचे मिस्टर आहेत ना," सून म्हणाली. "थोडा ब्राइट केला."

"माहा नवरा कारा होता. जिंदगीभर धानाच्या बांदीत उन्हात उभा राहिला, तो असा भटावानी पांढरा कायले होईन? गावात मले इचारतील, कोनाचा फोटो मांडून बसली म्हनून."

सून चिडली. "मग ठिपके चालतील का?"

"ठिपकेबी नाई चालत."

माझं डोकं फिरलं होतं, पण बाई चुकीचं बोलत नव्हती. मीही तेच म्हटलं असतं. एक कागद उरला होता. घड्याळात अकरा वाजून गेले होते.

तेवढ्यात म्हातारा म्हणाला, "तो उरलेला कागद आन माह्याकडे."

"दिसते का तुम्हाले?"

"हाताले दिसते. आन."

सुनेने दिला. त्याने तो काउंटरच्या काचेवर ठेवला, कडेने बोट फिरवलं, मग मधोमध तळहात ठेवून हळूच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. आयुष्यभर फोटोचेच कागद हाताळले होते त्याने.

"याचं पोट वर आलं हाय," तो म्हणाला. "कागद बसून नाई राहिला. कोठी ठेवता हे पाकीट?"

"तांदळाच्या डब्यात," मी म्हटलं.

"कोनी सांगितलं?"

"तुम्हीच! बारा महिने ओरडत होते, पावसाळ्यात कागद तांदळात ठेव, ओल धरत नाई म्हनून."

म्हाताऱ्याने कागदावरचा हात उचलला. त्याच्या काळी कागद लहान, डब्यात सरळ उभा राहायचा. हे पाकीट मोठं. पत्र्याचा डबा गोल. भादव्याच्या ओलीत आम्ही ते वाकवून तांदळात खुपसलेलं, आणि सगळे कागद डब्याचा आकार घेऊन बसले होते.

"मामाजी, बरोबर," सून म्हणाली. सासऱ्याला आमच्याकडे मामाजी म्हणतात. "कागद मधून उचलतो, म्हणून वरची चाकं त्याच्यात रुततात. सपाट असेल तर नुसती टेकतील."

"मंग सपाट करा. मले काय सांगता?"

मी मागे जाऊन पाटा धुतला, कोरडा पुसला. वाटणाचा वास राहायला नको म्हणून पदराने पुन्हा पुसला. कोरा कागद दोन पांढऱ्या कागदांच्या मध्ये घातला, चकचकीत बाजू खाली, वर धुतलेलं लुगडं घडी करून ठेवलं आणि त्यावर पाटा.

बाई बघत होती. "आता माह्या माणसावर गोटा ठेवता का?"

"कोरा हाय अजून," मी म्हटलं. "तुमचा माणूस नाई त्याच्यात."

ती हसली. सकाळपासून पहिल्यांदा हसली.

तोवर सुनेने मशीनमध्ये दोन गोष्टी केल्या. जाड लिफाफ्यांसाठी आत एक छोटी दांडी असते, ती तिने कधी हलवली नव्हती, ती सरकवली. त्याने कागदाला जायला जरा जास्त जागा मिळते. आणि काळा रंग गडद यावा म्हणून तिने कॉम्प्युटरला सगळ्यात जास्त शाई सांगून ठेवली होती. ती बदलून, कागदाचा जो प्रकार पाकिटावर लिहिला होता तोच कॉम्प्युटरवर निवडला. वेग कमी केला.

पण शेवटचा कागद एकदम घालायची हिंमत कोणाची? आधी करून पाहायला हवं होतं. सून ठिपकेवाला पहिला फोटो घेऊन म्हणाली, "याच्यावरच एक काळा पट्टा छापून पाहते, ठिपके येतात का."

बाई उठून उभी राहिली. "त्याच्या तोंडाले कारं नोको फासू!"

"बाई, खराबच आहे हा."

"खराब असू दे. तोंड त त्याचंच हाय ना? तो दुसरा घे, गोरा. तो माहा नवरा नोयच. त्याले कितीबी फास."

म्हातारा खुर्चीत बसल्या बसल्या खोकेपर्यंत हसला.

मग तो गोरा फोटो थोडा वेळ पाट्याखाली गेला. निघाल्यावर सुनेने त्याच्यावर वरून खालपर्यंत काळा पट्टा छापला. कागद हळूहळू बाहेर आला. आम्ही तिघी त्यावर वाकलो. काळं काळंच होतं. एका टोकाला दोन-चार ठिपके, बाकी स्वच्छ. टोकाला फ्रेमची पट्टी येणार होती.

शेवटचा कागद मी स्वतः पाट्याखालून काढला, कडांना धरून. सुनेने तो मशीनमध्ये सरळ लावला. म्हातारा म्हणाला, "बाहेर येताना ओढू नोको. त्याले येऊ दे." सून म्हणाली, "हो मामाजी, येऊ देते."

आधी निळा पडदा आला, मग केस, मग कपाळ. मी कपाळाकडे बघत राहिले. गाल आला. गळा आला. लग्नातला टॉवेल खांद्यावर होता, तो आला. कुठेच काही नाही. काळाभोर, तुकतुकीत, लग्नात जरा अवघडून उभा राहिलेला माणूस.

बाईने हात लावला नाही. ओला आहे हे तिला कळत होतं. नुसती वाकून बघत राहिली.

"हां," ती म्हणाली. "हा होय." आणि थोड्या वेळाने, "पाह्य आता, कसा चूप बसला. घरी त एक मिनिट नोता बसत."

सून खाली स्टुलावर बसली आणि तिने पाणी मागितलं. मी आत पाणी आणायला गेले आणि पंखा थांबला. लाईट गेली होती. त्या दिवशी आमच्या दुकानात लाईटवाल्यांना कोणी शिव्या दिल्या नाहीत.

काचेत लगेच घातला तर शाई काचेला चिकटेल, म्हणून मी माझ्या साडीचं रिकामं खोकं दिलं. फोटो त्यात सपाट ठेवला, झाकण न लावता. रात्रीपर्यंत असाच ठेवा आणि सकाळी फ्रेममध्ये घाला, असं तिला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "एकदाच सांग, मी बहिरी नाई." बसमध्ये ती ते खोकं मांडीवर घेऊन बसली, खिडकीपासून लांब.

महिन्याभराने ती बाजाराला आली तेव्हा सांगून गेली. कार्यक्रम चांगला झाला. दीर म्हणाला, अगदी बोलेल असा दिसतो. तेवढं सांगितलं आणि गेली.

तांदळाच्या डब्यात पुन्हा कागद गेला नाही. तिथे पापड गेले. कागद दोन फळ्यांच्या मध्ये आडवा ठेवायला लागलो, आणि छापायच्या आधी सून काचेवर ठेवून तळहाताने दाबून बघायची, म्हाताऱ्यासारखी. म्हातारा त्यावरही टोमणे मारायचा, पण तिने एखाद्या दिवशी विसरून तसाच कागद घातला तर आवाजावरून ओळखायचा आणि ओरडायचा.

पुढे तो गेला. त्याचा फोटो सुनेने त्याच मशीनवर काढला. मी एवढंच म्हटलं, गोरा करू नको. तिने केला नाही. ठिपका एकही नाही. भिंतीवर आहे.

मशीनही नंतर भंगारात गेली. त्या सकाळी दुकानात आम्ही चौघं होतो. ती बाई अजून आहे, बाजाराला येते. सून आहे. मी आहे.